पान हललं तरी ओवी हलू नये

गेल्या वर्षीची गोष्ट. जळगावहून एसटीने निघालो आणि एरंडोल, पारोळा करत धुळ्याला उतरलो. शर्टाच्या खिशात बोटभर लांबीचा पेनड्राइव्ह होता. त्यात माझं सहा वर्षांचं काम होतं, अम्मीवरचं पुस्तक. तिच्या आठवणी, ती जात्यावर म्हणायची त्या ओव्या, मोहल्ल्यातल्या आणि शेजारपाजारच्या बायकांनी सांगितलेल्या ओव्या, मधूनमधून माझ्या कविता, आणि शेवटी कोणती ओवी कोणी सांगितली याचा तक्ता. घरच्या संगणकावर हे सगळं मी बरोबर ३०४ पानांत बसवलं होतं. हा आकडा सहज आलेला नव्हता. छापखान्यात पुस्तक फर्म्यावर मोजतात. सोळा पानांचा एक फर्मा धरला तर ३०४ पानांचे नेमके एकोणीस फर्मे होतात. पुस्तक पदरमोड करून काढायचं होतं, त्यामुळे एकोणीसचा विसावा फर्मा होऊ नये म्हणून मी रात्र रात्र ओळी वरखाली सरकवल्या होत्या.

धुळ्यात डीटीपीचं काम करणाऱ्या मुलाने फाइल उघडली. खाली डाव्या कोपऱ्यात आकडा आला, ३४१.

"चाचा, तुम्ही तर तीनशे चार म्हणाला होता."

मी चष्मा पुसून पाहिलं. ३४१ म्हणजे एकवीस फर्मे आणि वर पाच पानं. प्रकरणांची शीर्षकं पानाच्या तळाशी जाऊन बसली होती आणि प्रकरण मात्र पुढच्या पानावर सुरू होत होतं. अनुक्रमणिकेतला एकही आकडा जागेवर नव्हता. मला एसटीची घाई होती. "एक प्रत काढून दे, बसमध्ये वाचतो," असं म्हणून मी गठ्ठा घेतला आणि निघालो.

वाटेत पारोळ्याजवळच्या एका गावात उतरलो. तिथे आमच्या नात्यातल्या एक खाला राहतात. वय ऐंशीच्या पुढे. पुस्तकातल्या पुष्कळ ओव्या त्यांच्याच तोंडच्या. मी कौतुकाने म्हटलं, "खाला, तुमचं नाव छापून येतंय, बघा." त्यांना वाचता येत नाही. नातीने तक्ता काढला, नाव वाचलं, समोर पान १४३ लिहिलं होतं. तिने १४३ वं पान उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. खालांनी दोन ओळी ऐकल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बेटा, नाव मन्हं शे, पन गानं मन्हं नही."

ती ओवी दुसऱ्याच बाईची होती, आणि ती बाई आता हयात नाही. म्हणजे त्या कागदावर दोघींवर अन्याय झाला होता. एकीच्या नावावर परक्याची ओवी गेली आणि दुसरीची ओवी बेवारस झाली. दोष यंत्राचा नव्हता, त्या मुलाचा तर नव्हताच. दोष माझ्या टंकलेखनाचा होता. तो कसा आणि मी तो कसा दुरुस्त केला, हे आज सांगणार आहे. आजकाल गावोगावी निवृत्त शिक्षक, कीर्तनकार, संशोधन करणारी मुलं स्वतःची पुस्तकं आणि प्रबंध स्वतःच टाइप करतात. त्यांचा तरी हा घोर वाचावा.

मी बी.ए. झालेला माणूस. तरुणपणी टायपिंगच्या क्लासला जाऊन मराठी टंकलेखन शिकलो, संगणक हातात आला तो चाळिशीत. टाइपरायटरवर शीर्षक मधोमध आणायचं तर स्पेसबार मोजून दाबायचा. नवं पान हवं तर कागद ओढून काढायचा. तिथे स्पेस म्हणजे खरोखरची जागा होती. एकदा कागदावर उमटलेली ओळ कुठे जात नसे. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरच्या हातात तर स्पेससुद्धा शिशाची असायची, फर्मा आवळला की तीही पक्की. आमच्या पिढीच्या बोटांना ही सवय लागलेली. संगणकावर आलो तरी आम्ही तेच केलं. शीर्षक मध्यावर आणायला वीस स्पेस. प्रकरण नव्या पानावर न्यायला पान भरेपर्यंत एंटर, एंटर, एंटर. पडद्यावर सगळं सुरेख दिसतं. पण संगणकातलं पान हे कागदाचं पान नसतं. आतला मजकूर एका लांबच लांब दोऱ्यासारखा असतो. कागदाचा आकार, समास, अक्षराची मापं पाहून यंत्र तो दोरा दर वेळी नव्याने गुंडाळतं. मापात जरा फरक पडला की गुंडाळी बदलते, आणि आपण मोजून घातलेले एंटर भलत्याच ठिकाणी जाऊन पडतात.

माझ्या बाबतीत फरक पडला तो फॉन्टमुळे. मी कोकिला हा फॉन्ट वापरला होता. दिसायला नाजूक आणि अंगाने लहान. विंडोजच्या १० व्या आवृत्तीपासून हा फॉन्ट आपोआप येत नाही, मागाहून बसवावा लागतो. धुळ्याच्या संगणकावर तो नव्हता, म्हणून यंत्राने स्वतःच्या मनाने दुसरा फॉन्ट घातला. तो अंगाने मोठा. ओळी उंचावल्या, रुंदावल्या, आणि ३०४ ची ३४१ झाली. तरी माझी फाइल युनिकोडमध्ये होती म्हणून अक्षरं तरी वाचता आली. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल असती, तर तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसली असती. अशी जुनी फाइल कोणाकडे असेल, तर आधी ती युनिकोडमध्ये आणावी आणि मूळ प्रतीशी ताडून पाहावी. बाकीचं सगळं त्यानंतर.

गद्याचं एक वेळ ठीक आहे. परिच्छेद दोन ओळी पुढे गेला तर अर्थ बदलत नाही. कवितेचं तसं नाही. माझ्या एका कवितेत पाच शब्द आहेत. मला हवे होते ते असे:

घर रिकामं
नाही कुणाची चाहूल

धुळ्याच्या प्रतीत ते असे आले:

घर रिकामं नाही
कुणाची चाहूल

शब्द तेच, क्रम तोच. फक्त 'नाही' एक ओळ वर गेला आणि ओस पडलेलं घर नांदतं झालं. मी तिथे ओळ तोडलीच नव्हती. डावा-उजवा समास आत घेतल्यामुळे ती योगायोगाने तिथे तुटत होती आणि मी ती माझी समजत होतो. गळ्यातलं गाणं कागदावर आणताना ओळ कुठे तोडायची, हा निर्णय कोणाला तरी घ्यावाच लागतो. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी लिहीत नव्हत्या. त्यांची गाणी टिपून घेतली गेली, त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती जपली आणि १९५२ साली पुस्तकरूपाने छापली गेली. ती ओळ-ओळ आज आपल्यापर्यंत पोचते, कारण ती कोणीतरी जबाबदारीने लिहिली. मी मात्र माझी ओळ यंत्राच्या मर्जीवर सोडून दिली होती.

खालांकडून परतल्यावर दोन दिवस मी फाइल उघडलीच नाही. मग आठवलं ते धुळ्याचं समर्थ वाग्देवता मंदिर. शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली रामदासी हस्तलिखितं तिथे आहेत. जुन्या पोथ्यांची पानं सुटी, आडवी असतात. मजकूर सलग लिहिलेला असतो. ओवी संपली म्हणून लेखक नवी ओळ घेत नाही. कागद वाचवायचा असतो. मग ओवी कुठे संपली हे कळतं कसं? तर तो दोन उभे दंड देतो आणि मध्ये आकडा घालतो. खूण मजकुराच्या आतच असते. ती पोथी लहान पानावर उतरवा की मोठ्या पानावर, ओवी मोडत नाही. दासबोधाचा दाखला कोणी पान क्रमांकाने देत नाही. दशक, समास आणि ओवी सांगतात. वीस दशकं, प्रत्येकात दहा समास. कोणत्याही प्रकाशकाची, कोणत्याही आकाराची प्रत घ्या, ओवी बिनचूक सापडते. आमच्या घरी कुराणशरीफच्या लहानमोठ्या तीन प्रती होत्या. तिथेही तेच. आयत संपली की मजकुरातच गोल खूण, आणि दाखला द्यायचा तो सूरा आणि आयतीच्या क्रमांकाने.

म्हणजे वस्तू कुठे ठेवायची हे न सांगता ती काय आहे हे सांगायचं. ही ओवी, हे शीर्षक, इथे प्रकरण संपलं. जागा यंत्र शोधील. एवढं मनाशी पक्कं केलं आणि कामाला बसलो.

पहिलं काम, फाइलची नक्कल करून मूळ प्रत बाजूला ठेवली. दुसरं, वर्डमध्ये होम या पट्टीवर उलट्या इंग्रजी पी अक्षरासारखं एक चिन्ह असतं, ते दाबलं. त्याबरोबर आजवर झाकलेली पापं दिसू लागतात. प्रत्येक स्पेसच्या जागी ठिपका, प्रत्येक एंटरच्या जागी तीच पी सारखी खूण. माझ्या फाइलमध्ये प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी अशा खुणांची रांग लागलेली होती. आमच्याकडे वेचणीनंतर कपाशीच्या पळाट्या शेतात उभ्या असतात तशी.

तिसरं, कागदाचा आकार आणि समास आधीच ठरवून टाकले. साध्या डेमी पुस्तकासाठी साडेपाच बाय साडेआठ इंच. पुस्तक बांधलं जातं, म्हणून बांधणीच्या बाजूला जास्त जागा लागते. ती बाजू डाव्या पानावर उजवीकडे आणि उजव्या पानावर डावीकडे येते. त्यासाठी समासाच्या चौकटीत 'मिरर मार्जिन्स' अशी सोय आहे. पुष्कळ जण ए-फोर कागदावर सगळं टाइप करतात आणि शेवटी आकार बदलतात. मग सगळी मांडणी पुन्हा करावी लागते.

चौथं काम सगळ्यात मोठं, आणि सगळ्यात फायद्याचं. त्याला वर्डमध्ये 'स्टाइल्स' म्हणतात. मी चार स्टाइल केल्या. मजकूर, ओवी, कविता आणि प्रकरण. प्रत्येकीचा फॉन्ट, आकार, ओळींतलं अंतर, डावीकडची जागा एकदाच ठरवली. मग मजकुरातून फिरत प्रत्येक परिच्छेदाला त्याची जात सांगितली. तू ओवी, तू कविता, तू मजकूर. उद्या छापखाना म्हणाला की ओवीचं अक्षर जरा लहान करा, तर एका ठिकाणी बदललं की सगळ्या ओव्या बदलतात. 'प्रकरण' या स्टाइलमध्ये 'पेज ब्रेक बिफोर' अशी खूण केली. आता प्रकरण आपोआप नव्या पानावर सुरू होतं, मागे मजकूर वाढो की घटो. तिथेच 'कीप विथ नेक्स्ट' म्हणून एक खूण असते. मधल्या उपशीर्षकांना ती लावली की शीर्षक तळाशी आणि मजकूर पुढच्या पानावर, असं होत नाही. मध्येच कुठे एखादं नवं पान हवं असेल, तर कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबायचं. एक खूण पुरते, चाळीस एंटर लागत नाहीत.

ओवीसाठी एक बारीक गोष्ट शिकलो. नुसतं एंटर दाबलं की परिच्छेद संपतो. शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबलं की फक्त ओळ संपते, परिच्छेद चालूच राहतो. म्हणून ओवीच्या पहिल्या ओळीनंतर शिफ्ट-एंटर, दुसरीनंतर एंटर. मग ओवीच्या स्टाइलमध्ये 'कीप लाइन्स टुगेदर' अशी खूण केली. आता एक ओळ या पानावर आणि दुसरी पाठच्या पानावर, असं होणार नाही. पानात जागा नसेल तर दोघी मिळून पुढच्या पानावर जातात. कवितेच्या प्रत्येक कडव्यालाही हेच केलं.

इथे माझी एक फजिती सांगतो. फालतू एंटर काढायला 'फाइंड अँड रिप्लेस' वापरता येतं. दोन एंटर शोधा, एक घाला, सगळीकडे. मी उत्साहाने बटण दाबलं. पळाट्या गेल्या, पण कवितांच्या कडव्यांमधली मोकळी जागाही गेली. ती मी एंटरनेच सोडलेली होती. सगळ्या कविता आगगाडीच्या डब्यांसारख्या एकमेकींना जोडल्या गेल्या. कंट्रोल-झेड दाबून परत फिरलो. मग आधी कडव्याच्या स्टाइलमध्ये खाली अंतर ठरवलं आणि कविता सोडून बाकीच्या मजकुरातले एंटर काढले. एकदम सगळीकडे बदल करण्याचा मोह आवरावा, एवढंच सांगणं.

पाचवं, आडवा तक्ता. ओवीची पहिली ओळ, सांगणारीचं नाव, गाव, प्रसंग असे रकाने असल्यामुळे तक्ता आडव्या पानावर घेतला होता. उभ्या पुस्तकात आडवं पान हवं असेल, तर फाइलचे भाग पाडावे लागतात. त्या दुभाजकाला 'सेक्शन ब्रेक' म्हणतात. तक्त्याआधी मला एक रिकामी ओळ खुपत होती. ती पुसताना सेक्शन ब्रेकच पुसला गेला. क्षणात अख्खं पुस्तक आडवं पडलं. मला वाटलं, मागच्या पानांचा आकार पुढे यायला हवा होता. झालं उलट. पुढच्या तक्त्याचा आकार मागच्या सगळ्या पानांना लागला.

याचं उत्तर जुन्या कागदपत्रांत मिळतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे. त्यांनी जन्मभर धुंडाळलेली जुनी मराठी पत्रं पाहिली, तर मजकूर संपला की शेवटी मोर्तबाची लहान मुद्रा उमटवलेली दिसते. मोर्तब असतं तळाशी, पण त्याचा अंमल वरच्या मजकुरावर चालतो. सेक्शन ब्रेक हे असंच मोर्तब आहे. कागद उभा की आडवा, समास किती, हा सगळा हुकूम तो आपल्या वरच्या भागासाठी जपून ठेवतो. तो पुसला, की वरचा भाग निर्नायकी होतो आणि खालच्या मोर्तबाच्या अंमलाखाली जातो. हे कळल्यापासून मी सेक्शन ब्रेक पुसताना दोनदा विचार करतो.

पान क्रमांकाचा घोळही इथलाच. प्रस्तावनेची पानं आपण एक, दोन, तीन अशी अक्षरात मोजतो आणि मुख्य मजकूर १ पासून सुरू करतो. त्यासाठी प्रस्तावना वेगळ्या सेक्शनमध्ये हवी. नवा सेक्शन मागच्या सेक्शनचा तळमजकूर आपोआप उचलतो. तळात जाऊन 'लिंक टू प्रिव्हियस' हे बटण बंद केलं, की दोघांचा संबंध तुटतो.

आता उरला खालांचा प्रश्न. तक्त्यातले पान क्रमांक मी हाताने टाइप केले होते. म्हणजे भिंतीवर खडूने लिहिलेला हिशेब. दुकान हललं तरी हिशेब जुन्याच भिंतीवर. मी ते सगळे आकडे काढून टाकले. पोथीसारखे प्रत्येक ओवीला क्रमांक दिले. तेही हाताने न लिहिता यंत्राकडून. तक्त्यात पानाऐवजी ओवीचा क्रमांक घातला, तोही 'क्रॉस-रेफरन्स' या सोयीने, म्हणजे तो त्या ओवीला बांधलेला राहतो. मध्ये एखादी ओवी वाढवली तर पुढचे क्रमांक बदलतात. मग कंट्रोल-ए दाबून सगळं निवडायचं आणि एफ-नाइन दाबायचं, की तक्ताही बदलतो. अनुक्रमणिकाही अशीच प्रकरणांच्या शीर्षकांवरून यंत्राकडूनच करून घेतली. त्यासाठी माझी 'प्रकरण' ही स्टाइल वर्डच्या 'हेडिंग १' वर बेतलेली होती. लिबरऑफिस रायटर हा फुकट मिळणारा प्रोग्राम आहे, त्यातही या सगळ्या सोयी नावं थोडी बदलून आहेत.

हे सगळं झाल्यावर पानं भरली २९८. शेवटी फाइलमध्येच फॉन्ट बांधून दिला. सेव्हच्या पर्यायांत 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' असं असतं. जोडीला पीडीएफ प्रत काढली. पीडीएफमध्ये पान जसं आहे तसं गोठतं, त्यामुळे पुढच्या माणसाला मूळ मांडणी कशी होती हे कळतं. मांडणी चालू असताना मात्र पीडीएफची घाई करू नये.

एकोणीस फर्म्यांत अजून सहा पानं शिल्लक होती. पुन्हा पारोळ्याला उतरलो. खाला म्हणाल्या, मधल्या काळात त्यांना आणखी काही ओव्या आठवल्या होत्या. नातीने वहीत लिहून ठेवलेल्या. त्या घरी आणून पुस्तकाच्या मध्यावर, लग्नाच्या ओव्यांत, त्यांच्या जागी घातल्या. एफ-नाइन दाबलं. पुढचे क्रमांक सरकले, तक्ता सरकला, अनुक्रमणिका सरकली. एकही ओवी मोडली नाही. पानं ३०४.

धुळ्याच्या त्या मुलाने फाइल उघडली तेव्हा मी आधी खालचा कोपरा पाहिला. आकडा तोच होता. मग छापील प्रत घेऊन पारोळ्याला गेलो. नातीने तक्त्यात खालांचं नाव काढलं, समोर ओवी २१२ लिहिलं होतं. तिने २१२ क्रमांकाची ओवी शोधली आणि वाचू लागली. पहिली ओळ तिने वाचली. दुसरी खालांनी म्हटली.